नट-बोल्ट : बिनआवाजाची शर्यत



गेल्या अंकात आम्ही सिल्व्हरस्टोनच्या फॉर्म्युला वन शर्यतीवर लिहिलं आणि त्यावर लेस्टरच्या एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं. पत्र लहान, पण झणझणीत. ते लिहितात, "आमचा नातू हल्ली टीव्हीवर विजेच्या मोटारींच्या शर्यती बघत बसतो. ना आवाज, ना धूर, ना पेट्रोलचा वास. पिठाच्या गिरणीचा पट्टा घसरल्यासारखं काहीतरी कुईं कुईं ऐकू येतं. याला शर्यत म्हणायचं का, याचा खुलासा पुढील अंकी व्हावा."

खुलासा मागायला काकांनी माणूस मोठा मजेशीर निवडला. आम्ही पडलो डिझेलवाले. पुण्यात मेकॅनिकल केलं, इकडे येऊन मास्टर्स केलं तेही डिझेलच्या ज्वलनावर, आणि पुढची वीस वर्षं मिडलंड्समधल्या एका कंपनीत इंधनाचा फवारा किती बारीक आणि नेमका कुठल्या क्षणी उडवायचा, या एकाच प्रश्नावर भाकरी खाल्ली. विजेची मोटार म्हणजे आमच्या पोटावर येणारी गोष्ट. तरीही २०१५ पासून आम्ही या शर्यतींचे भक्त आहोत. आमच्या सौ. याला 'सवतीच्या लग्नात वाढपी' असं म्हणतात. असो.

तर काका, या शर्यतींचं नाव फॉर्म्युला ई. पहिली शर्यत सप्टेंबर २०१४ मध्ये बीजिंगला झाली. धूर आणि गोंगाट नसल्यामुळे शर्यतीला गावाबाहेरचं मैदान लागत नाही, शहरातल्या रस्त्यांवरच दोन्ही बाजूंना काँक्रीटचे कठडे लावून ती भरवता येते. २०१५ च्या जूनमध्ये ती लंडनला बॅटर्सी पार्कात आली तेव्हा आम्ही केवळ कुतूहलापोटी गेलो होतो. त्या वेळी एक मोठा विनोदी प्रकार असे. बॅटरी अर्ध्या शर्यतीतच संपायची. मग ड्रायव्हर आत यायचा, पट्टे सोडून टुणकन बाहेर उडी मारायचा आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या मोटारीत बसून पुढे निघायचा! टांग्याची घोडी बदलावी तशी मोटार बदलायची. चार मोसम हे असंच चाललं. २०१८ च्या अखेरीस नवी पिढी आली, बॅटरीची ताकद जवळजवळ दुप्पट झाली, आणि त्या उड्या बंद झाल्या. चार वर्षांत दुप्पट! डिझेलमध्ये शेकडा दोन-तीन टक्के सुधारणा झाली की आम्ही पार्टी करायचो. पोटात पहिला गोळा आला तो तेव्हा.

पण आज सांगायचं आहे ते २०२३ च्या जुलैमधल्या लंडनच्या शर्यतींबद्दल. शनिवार २९ आणि रविवार ३० तारीख, लागोपाठ दोन दिवस दोन शर्यती. त्या उन्हाळ्यात आमचे तीर्थरूप, म्हणजे अण्णा, पुण्याहून आले होते. अण्णा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झाले. त्यांचा कान हे आमच्या घराण्याचं दैवत. फाटकातून बस आत शिरली की चहाचा कप खाली न ठेवता ते सांगायचे, "तीन नंबरचा इंजेक्टर बघा." बघितलं की तीन नंबरच असायचा. अशा माणसाला बिनआवाजाच्या शर्यतीला न्यायचं म्हणजे गवयाला चित्रांच्या प्रदर्शनाला नेण्यासारखं. पण चौदा वर्षांच्या नातीने हट्ट धरला, आणि नातीपुढे कुठल्या फोरमनचं काय चालतं?

कॉव्हेंट्रीहून यूस्टनची गाडी, पुढे एलिझाबेथ लाइनने कस्टम हाउस. गाडीतच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उरकली. "विजेची गाडी, विजेची गाडी म्हणून काय कौतुक करता रे?" अण्णा म्हणाले. "मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला विजेची लोकल १९२५ साली धावली." तारीखसुद्धा त्यांना पाठ, ३ फेब्रुवारी. शिवाय एसटीची विजेवरची 'शिवाई' १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर निघाली, त्याच मार्गावर १ जून १९४८ ला पहिली एसटी धावली होती. अण्णा त्या शिवाईतून मुद्दाम नगरला जाऊन आले होते. त्यांचा अभिप्राय चारच शब्दांचा: "बस चांगली. ऐकण्यासारखं नाही."

ही शर्यत होते ती एक्सेल नावाच्या जागेत. रॉयल व्हिक्टोरिया डॉकच्या काठावरचं हे प्रदर्शनांचं अवाढव्य दालन. आपल्यापैकी काहींनी ते २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये पाहिलं असेल. मेरी कोमला ब्राँझ इथेच मिळालं, आणि कुस्तीत सुशील कुमारला रौप्य आणि योगेश्वर दत्तला ब्राँझ तेही इथेच. २०२० च्या एप्रिलात करोनाच्या रुग्णांसाठी याच दालनांत नाइटिंगेल हॉस्पिटल उभं केलं होतं. आणि आता याच छपराखालून मोटारी सुसाट जातात. जेमतेम दोन किलोमीटरचा ट्रॅक, काही दालनाच्या आत आणि काही बाहेर डॉकच्या कडेने. शर्यत सुटते ती आत, छपराखाली. मग मोटारी बाहेर उजेडात जातात, फिरून परत आत येतात. पेट्रोलच्या मोटारी अशा बंद जागेत पळवल्या तर पाच मिनिटांत प्रेक्षकांना बाहेर काढावं लागेल.

आता आवाजाचं. काका, आवाज नाही हे खरं नव्हे. इंजिनाची गर्जना नसते एवढंच. ती नसली की तिच्याखाली आजवर दबलेले सगळे आवाज वर येतात. गिअरची शीळ, ब्रेक मारल्यावर ती शीळ खाली उतरते तो सूर, टायरचं किंचाळणं, कठड्याला घासल्याचा खरखराट, मोटार उंचवट्यावरून आपटली की तळाचा ठोका. दालनात तर हे सगळं घुमतं. अण्णांनी पहिली दहा मिनिटं तोंड वाकडं केलं. मग डोळे मिटले. मग एक लाल मोटार समोरून गेली तेव्हा म्हणाले, "याचा मागचा टायर गेलाय बहुतेक. घसरताना सूर फाटतोय." टायर खरंच गेला होता की नाही ते आम्हाला तपासता आलं नाही. पण अण्णांना ऐकण्यासारखं काहीतरी सापडलं, हे नक्की.

लाल मोटार महिंद्रची. आपल्या कांदिवली-नाशिकच्या जीपवाल्या महिंद्रची! पहिल्या मोसमापासून या शर्यतींत असलेला हा भारतीय संघ. त्यांचं वर्कशॉप आपल्या जवळच, बॅनबरीला आहे. पहिल्या वर्षी करुण चंढोक त्यांच्याकडून गाडी चालवायचा. शिवाय जॅग्वार २००८ पासून टाटांची, आणि मोटारीच्या अंगावर टीसीएसचं नाव. म्हणजे आपल्या गावच्या ट्रक स्टँडवरचा 'टाटा की महिंद्र' हा सनातन वाद लंडनच्या डॉकवर सुरू. आम्ही महिंद्रवाले, कन्या जॅग्वारवाली. अण्णा म्हणाले, "मी लेलँडवाला, मला यात घेऊ नका."

महिंद्रचं २०२३ साल वाईट चाललं होतं. पण एक्सेलमध्ये त्यांची एक मोठी आठवण आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये इथल्या दुसऱ्या शर्यतीत अपघातामुळे सेफ्टी कार आली. सेफ्टी कार आली की सगळ्यांनी तिच्यामागे रांगेत हळू चालायचं, ओव्हरटेक करायचं नाही. ऑडीच्या लुकास डी ग्रासीने काय करावं? तो पिट लेनमध्ये शिरला आणि सरळ पलीकडून बाहेर पडला. रांग इतकी हळू होती की पिट लेनमधून जाणारा तिच्यापुढे निघाला, आणि साहेब एकदम पहिल्या नंबरावर! पिटमध्ये मोटार पूर्ण थांबवायला हवी होती, ती पूर्ण थांबली नाही असं पंचांचं म्हणणं पडलं. शिक्षा झाली, ती त्याने भोगली नाही, आणि शेवटी त्याला बादच केलं. शर्यत जिंकली महिंद्रच्या अ‍ॅलेक्स लिनने. ही गोष्ट ऐकून अण्णा खूश. "असले ड्रायव्हर प्रत्येक डेपोत दोन तरी असतात," म्हणाले. आणि गंमत अशी, की २०२३ मध्ये हाच डी ग्रासी महिंद्रच्या त्या लाल मोटारीत बसला होता.

आता या खेळाचं मर्म सांगतो. २०२३ साली आलेली मोटार ड्रायव्हरसह किमान ८४० किलोची, वेग ताशी ३२० किलोमीटरच्या आसपास जाऊ शकणारी. शर्यतीसाठी तिला वीज मिळते ३८.५ किलोवॉट-अवर, म्हणजे आपल्या लाइट बिलाच्या भाषेत साडेअडतीस युनिट. एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट ऊर्जा असते. म्हणजे हिशेबाने ही मोटार चार लिटरहून कमी डिझेलवर पाऊण तासाची शर्यत पळते! हा आकडा आम्ही पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा पेन खाली ठेवून थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

हे जमतं कसं? एक तर मोटरमध्ये ऊर्जा फार कमी वाया जाते. आमच्या उत्तमातल्या उत्तम मोटारीच्या डिझेल इंजिनातही निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन उडून जाते. दुसरं म्हणजे ब्रेक. या मोटारीच्या मागच्या चाकांना नेहमीचे तेलाचे ब्रेक नाहीतच. वेग कमी करायचा तर मोटर उलट कामाला लागते, जनित्र बनते आणि वीज बॅटरीत परत पाठवते. मुंबईच्या नव्या लोकलसुद्धा ब्रेक लावताना अशीच वीज वरच्या तारेत परत सोडतात. शर्यतीत वापरलेल्या विजेपैकी निदान चाळीस टक्के अशी ब्रेकमधून परत मिळवलेली असते, असं आयोजक सांगतात.

तरीही वीज पुरत नाही. पूर्ण जोर लावून पळालं तर शेवटच्या फेऱ्यांच्या आधीच बॅटरी रिकामी. म्हणून खरी शर्यत आहे ती काटकसरीची. वळण यायच्या आधीच ड्रायव्हर पाय उचलतो, मोटार नुसती वाहत जाऊ देतो, मग ब्रेक लावून वीज गोळा करतो. पाय किती आधी उचलायचा, यात सगळं कौशल्य. उशिरा उचलला तर वीज जाते, लवकर उचलला तर मागचा पुढे जातो. पुष्कळदा पहिल्या नंबरावर कोणालाच राहायचं नसतं, कारण पुढच्याला वारा कापावा लागतो आणि मागचा त्याच्या आडोशाने वीज वाचवतो. टीव्हीवर प्रत्येकाची किती टक्के शिल्लक आहे ते दाखवतात. आमच्या कन्येची नजर मोटारींवर कमी आणि त्या टक्क्यांवर जास्त. "बाबा, तो पुढे आहे पण त्याच्याकडे तीन टक्के कमी आहेत, तो हरणार." गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्या मराठी माणसाला हा खेळ समजावून सांगायला लागू नये!

शिल्लक चुकली तर काय होतं ते २०२१ च्या एप्रिलात व्हॅलेन्सियाला दिसलं. सेफ्टी कार आली तेवढ्यापुरती प्रत्येकाच्या वाट्याची वीज कापली जाई, असा नियम होता. त्या दिवशी ती पुन्हा पुन्हा आली. शेवटी पुढारी अशा वेळेला रेषा ओलांडून गेला की घड्याळात काही सेकंद उरले आणि सगळ्यांना एक फेरी जास्त पडली. बहुतेकांची वीजच संपली. जगातले नामांकित ड्रायव्हर भाजीबाजारातल्या रिक्षासारखे सरपटत होते. जिंकला नेदरलँड्सचा निक डी व्रीस, ज्याच्याकडे उरलं होतं तो.

शिवाय 'अटॅक मोड' नावाची भानगड. ट्रॅकवर एका ठिकाणी, नेहमीच्या वाटेच्या बाहेर, पट्टे आखलेले असतात. त्यावरून मोटार नेली की काही काळापुरती जादा शक्ती मिळते. पण तिकडून जायचं तर लांबचा फेरा पडतो आणि एक-दोन नंबर हातचे जातात. आधी गमवा, मग कमवा. परदेशात येताना आपण सर्वांनी हेच केलं, नाही का?

शनिवारची शर्यत आमच्या मिडलंड्सची ठरली. ननीटनचा जेक डेनिस गुणांत आघाडीवर होता, पाठोपाठ न्यूझीलंडचा निक कॅसिडी. कॅसिडीची मोटार त्याच्याच संघातल्या बुएमीच्या मोटारीला लागली, नाक तुटलं आणि त्याची शर्यत संपली. घरचाच माणूस आडवा आला म्हणायचं. जॅग्वारचा मिच एव्हान्स पहिला, डेनिस दुसरा, आणि दुसऱ्या नंबरावरच डेनिस जगज्जेता झाला. हा किताब मिळवणारा तो पहिला ब्रिटिश. सगळं दालन उभं राहिलं. आमची कन्या दुहेरी खूश: जिंकली टाटांची जॅग्वार आणि विजेता शेजारच्या गावचा. महिंद्रवाले शांतपणे घरी आले.

रविवारी पाऊस आला. हा पाऊस म्हणजे एक्सेलची खरी परीक्षा. आतला ट्रॅक कोरडा ठणठणीत, बाहेरचा पाण्याखाली. पावसाचे वेगळे टायर इथे नसतात, एकच नक्षीदार टायर उन्हाला आणि पावसाला. कोरड्या काँक्रीटवरून वेगात निघायचं आणि दरवाजातून बाहेर पडताच तळ्यात! सेफ्टी कारमागून थोडं चालवून पाहिलं, मग लाल झेंडा. पुन्हा प्रयत्न, पुन्हा झेंडा. मोटारी रांगेत उभ्या, ड्रायव्हर हात चोळत, आणि आम्ही प्रेक्षक छपराखाली पत्र्यावरचा पाऊस ऐकत. बराच वेळ गेला.

त्या वेळात अण्णांनी विचारलं, "काय रे, कामावर काही बिनसलंय का?"

"कशावरून?"

"गाडी न्यूट्रलवर फिरत असली की आवाज वेगळा येतो. तीन आठवडे ऐकतोय."

तोवर आम्ही त्यांना काही सांगितलं नव्हतं. जूनमध्ये आमच्या खात्यातल्या सगळ्यांना पत्रं आली होती. वर्षअखेर डिझेलचं खातं बंद. दोन रस्ते: ठरलेली रक्कम घेऊन रजा घ्यायची, नाही तर सहा महिने विजेच्या मोटारींचं प्रशिक्षण घेऊन एक पायरी खाली उतरून कामाला लागायचं. उत्तर ऑगस्टअखेर द्यायचं. वय पंचेचाळीसच्या आसपास, घराचं कर्ज अकरा वर्षं शिल्लक, आणि जे वीस वर्षांत शिकलो ते भंगारात. हे सगळं आम्ही त्यांना सांगितलं. पाऊस चालूच होता.

अण्णा लगेच काही बोलले नाहीत. मग समोर उभ्या असलेल्या मोटारींकडे बोट करून म्हणाले, "दापोडीत नवं मॉडेल आलं की जुने मिस्त्री म्हणायचे, संपलं आपलं. मी तीनच गोष्टी बघायचो. गरम कुठं होतंय, झिजतंय कुठं, आणि भार कुठं जातोय. यातलं काय त्या गाडीत नाही, सांग बघू?"

आम्ही विचार करू लागलो. बॅटरी तापते. मोटर तापते. वीज पुरवणारी इलेक्ट्रॉनिक्सची पेटी तर फारच तापते, आणि तापली की ताकद कमी करावी लागते. बेअरिंग झिजतात, गिअर झिजतात. वीस वर्षं आम्ही उष्णतेशीच तर झगडत होतो.

"आजोबा, पण बाबांचा पगार कमी होणार आहे," कन्या म्हणाली. म्हणजे भिंतींना कान होते.

"हो," अण्णा म्हणाले. "तो प्रश्न निराळा आहे, आणि खरा आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते तुझ्या आईने आणि त्याने बसून काढायचं."

शर्यत अखेर सुरू झाली. कॅसिडी पहिल्यापासून पुढे होता आणि शेवटपर्यंत राहिला. एव्हान्स दुसरा, डेनिस तिसरा. आदल्या दिवशी नाक तुटून बाहेर पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी ओल्या ट्रॅकवर असा चालवतो, हे पाहून अण्णांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या जिंकण्याने त्याच्या एन्व्हिजन संघाला सांघिक विजेतेपद मिळालं. यातली गंमत इंजिनिअर मंडळींनी टिपून ठेवावी. एन्व्हिजनच्या मोटारीत यंत्रणा होती जॅग्वारची, आणि त्यांनी हरवलं कोणाला, तर जॅग्वारलाच! डेनिसच्या अँड्रेटी संघाकडे यंत्रणा पोर्शेची, आणि त्याने पोर्शेच्या दोन्ही ड्रायव्हरांना मागे टाकलं. पीठ एकाच गिरणीचं, भाकरी ज्याची त्याची.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी, नाही तर आम्ही विजेचे एजंट झालो असं काका म्हणतील. बॅटरीत येणारी वीज कुठून तरी येते. २०२३ च्या त्या जुलैमध्ये एम-वनवरून दिसणारं रॅटक्लिफचं कोळशाचं वीजकेंद्र अजून बंद झालेलं नव्हतं. ते ३० सप्टेंबर २०२४ ला थंडावलं, आणि ब्रिटनमधली कोळशाची वीज संपली. पण आपल्या चंद्रपूरच्या राखेखाली राहणाऱ्याला विचारा, विजेची मोटार स्वच्छ आहे का. तो म्हणेल, तुमच्या गावात असेल. भारतातली बहुतांश वीज अजून कोळशाचीच आहे. आणि नव्या गोष्टींना मुळं धरायला वेळ लागतो हेही खरं. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादला हुसेनसागराच्या काठी भारतातली पहिली फॉर्म्युला ई शर्यत मोठ्या थाटात झाली, फ्रान्सचा व्हर्न्य जिंकला, आणि २०२४ ची शर्यत रद्द झाली.

आमच्या पत्राचं काय झालं ते सांगून टाकतो, नाही तर पुढच्या स्नेहसंमेलनात प्रत्येक जण विचारेल. सौ. आणि आम्ही वही घेऊन बसलो. तिने दोन रकाने आखले. प्रशिक्षण घेतलं. एक पायरी खाली उतरलो. आमचे सध्याचे साहेब आमच्याहून सोळा वर्षांनी लहान आहेत आणि आम्हाला नावाने हाक मारतात, आम्हीही त्यांना. काम मोटर आणि तिची इलेक्ट्रॉनिक्सची पेटी थंड ठेवण्याचं. पगार अजून पहिल्याइतका झालेला नाही. जुन्या खात्यातल्या सगळ्यांना जागा मिळाली नाही. आमच्याहून हुशार दोघे घरी बसले, त्यांतला एक तर आम्हाला शिकवणारा. तेव्हा 'बदल स्वीकारा, सगळं छान होतं' असलं काही आम्ही लिहिणार नाही. दर सोमवारी सकाळी टेस्ट सेलमध्ये शिरताना डिझेलचा वास येत नाही, आणि त्या वासाची आठवण येते, हे खरं आहे. पण गेल्या हिवाळ्यात एका मोटरचा सूर कानाला खटकला. संगणकावर सगळे आकडे ठीक होते. आम्ही म्हटलं, बेअरिंग उघडून बघा. साहेबांनी आधी आकड्यांकडे बघितलं, मग आमच्याकडे, मग उघडलं. बेअरिंगच होतं. त्या रात्री अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "कुठलं, पुढचं की मागचं?"

तर काका, खुलासा असा, की ही शर्यत आहे आणि चांगली शर्यत आहे. मात्र ती बघायची रीत निराळी. कोण किती जोरात पळतो यापेक्षा कोण कधी पाय उचलतो, तिकडे लक्ष ठेवावं. नातवाशेजारी बसा, टीव्हीचा आवाज जरा मोठा करा, आणि त्या टक्क्यांचा हिशेब त्याला विचारा. तो आनंदाने सांगेल, आणि एखादी गोष्ट तुमच्याकडून ऐकूनही घेईल. पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याची उपमा मात्र आम्ही उचलली आहे. अण्णांना फार आवडली.

पुढच्या अंकात हीट पंपाविषयी लिहावं असा विचार आहे. कोणी घरी बसवला असेल तर बिलांसकट अनुभव जरूर कळवा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.